भयकथेत, काल्पनिक राज्यांत आणि इतिहासात भेटलेले आपले लोक

दांडिया बाजार, बडोदे
दिवाळी पाडवा

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र वसुबारसेला मिळाले. समलिंगी माणसांच्या आजच्या जगण्यावर इतके सरळ, वास्तववादी लेखन होत असताना मी पिशाचांच्या, काल्पनिक राज्यांच्या आणि गेलेल्या शतकांच्या कादंबऱ्यांत का रमलो आहे, असे तू विचारले आहेस. प्रश्न माझ्याबद्दल सर्व काही जाणणाऱ्या मित्राचा आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

आपण दोघे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांवर वाढलो. 'धनंजय' आणि 'नवल' हे दिवाळी अंक आपल्या घरांतून फिरत, आणि रात्री वाचलेल्या कथेची भीती सकाळी शाळेच्या वाटेवर एकमेकांना सांगितल्याशिवाय ती कथा पुरी होत नसे. त्या कथांवर माझे अजूनही प्रेम आहे. पण ओसाड वाड्यात मुक्कामाला येणारे जोडपे नेहमी नवराबायकोचेच असे, आणि मला दारातून आत डोकावणाऱ्या परक्या माणसाची जागा मिळे. पुढे विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' वाचले, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' वाचली. एकाच भाडेकरूवर भाऊ आणि बहीण दोघांचाही जीव जडतो, ही त्या कादंबरीची मांडणी मला आजही अपूर्व वाटते. या दोन्ही कृतींचे माझ्यावर ऋण आहे. मात्र अशा लेखनात घर काय म्हणेल, लोक काय म्हणतील, हाच प्रश्न कथेचे सारे बळ घेऊन जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. मला हवी होती ती अशी कथा, जिच्यात दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना आपल्या प्रेमाचा खुलासा आधी द्यावा लागत नाही, आणि मग इतर कोणत्याही पात्रांप्रमाणे त्यांना भुताने झपाटता येते, राज्य जिंकता किंवा गमावता येते, पूर्वज असू शकतात.

सुरुवात झाली ती शेरिडन ल फॅन्यू या आयरिश लेखकाच्या 'कार्मिला' या लघुकादंबरीपासून. ती 1871–72 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली, म्हणजे 'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षे आधी. ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात एका एकाकी गढीत वडिलांबरोबर राहणारी लॉरा ही तिची निवेदक आहे. गढीजवळ एका गाडीला अपघात होतो, गाडीतील नाजूक मुलगी काही महिन्यांसाठी त्यांच्याकडे पाहुणी म्हणून राहते, आणि लॉराचे रक्त व मन दोन्ही हळूहळू तिच्या स्वाधीन होऊ लागतात. ही मुलगी म्हणजे शतकापूर्वी मेलेली उमराव घराण्यातील स्त्री आहे, हे उघड झाल्यावर वडीलधारे पुरुष एकत्र येतात, तिची कबर शोधतात, छातीत खुंटी ठोकतात, डोके उडवतात आणि देह जाळतात. लेखकाच्या काळातील वाचकाला हा न्याय वाटला असेल. मला मात्र लॉराच्या निवेदनातील शेवटचे वाक्य सोडत नाही. सारे काही संपून बराच काळ लोटल्यावरही दिवाणखान्याच्या दाराशी कार्मिलाची हलकी पावले वाजल्याचा भास तिला होतो, आणि ती दचकते. जिला वाचवले गेले, तिने वाचवणाऱ्यांचा निकाल मनातून पूर्णपणे स्वीकारलेला नाही. ल फॅन्यूने हे जाणून लिहिले की नकळत, याचा विचार मी अनेकदा करतो. कसेही असले तरी त्या एका वाक्यात राक्षसीण ठरवलेल्या स्त्रीसाठी दार किंचित उघडे राहिले आहे.

त्या दारातून आत शिरलेल्या लेखकांचे वाचन मला पुढे घडले. त्याआधीची किंमत मात्र मोठी होती. ऑस्कर वाइल्डची 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' 1890 मध्ये मासिकात आली आणि 1895 मध्ये, समलिंगी संबंधांच्या आरोपावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात, न्यायालयात तिच्याविषयी त्याचीच उलटतपासणी झाली. भयकथेची पाने माणसाविरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली, हे वाचताना माझे हात थंड पडले. म्हणूनच ज्यूएल गोमेझ यांची 1991 मधील 'द गिल्डा स्टोरीज' मला इतकी जवळची वाटते. 1850 मध्ये लुइझियानातील गुलामगिरीतून पळालेली एक कृष्णवर्णीय मुलगी तिच्यात पिशाचयोनीत जाते, स्त्रियांवर प्रेम करते आणि थेट 2050 पर्यंत जगते. ती रक्त घेते, पण जीव घेत नाही, आणि ज्याचे रक्त घेतले त्याच्या मनात त्याला हवे असलेले एखादे स्वप्न ठेवून जाते. कार्मिलाला आपली बाजू मांडू दिली गेली नव्हती. इथे सारी कथाच पिशाचाच्या बाजूने उभी आहे.

काल्पनिक राज्यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे माझे वाचन अजून कोवळे आहे. समॅन्था शॅनन यांच्या 'द प्रायरी ऑफ द ऑरेंज ट्री' या 2019 च्या जाडजूड कादंबरीत एका राणीचे आणि गुप्तपणे तिचे रक्षण करणाऱ्या स्त्रीचे प्रेम आहे. राणीवर वारस देण्याचे दडपण आहे, दोन धर्मांचे वैर आहे, समुद्राच्या तळाशी ड्रॅगन जागा होतो आहे. दोघी स्त्रिया आहेत ही गोष्ट मात्र कोणालाही खटकत नाही. असे राज्य कोणीतरी बसून, नकाशासकट, शेकडो पाने खर्चून उभारले, याचाच मला हेवा वाटला.

खरा गुंतलो तो ऐतिहासिक कादंबरीत. मेरी रेनॉल्ट यांची 1972 मधील 'द पर्शियन बॉय' सिकंदराची कथा बॅगोअस या पर्शियन खोजाच्या तोंडून सांगते, त्यामुळे जगज्जेता आपल्याला त्याच्यावर प्रेम करणाऱ्याच्या नजरेतून, थकलेला आणि जखमी असा दिसतो. सारा वॉटर्स यांची 'द नाइट वॉच' मी दोनदा वाचली. ती 1947 मध्ये सुरू होते, 1944 मध्ये जाते आणि 1941 मध्ये संपते, त्यामुळे माणसे कशी दुरावली हे आधी कळते आणि कशी भेटली हे शेवटी. लंडनवर बाँब पडत असताना केय ही तरुणी रुग्णवाहिका चालवते आणि सर्वांना हवीहवीशी असते. युद्ध संपल्यावर तीच पुरुषी वेषात शहरातून नुसती भटकत राहते, कारण शांततेच्या काळात तिच्यासाठी कुठेही काम उरलेले नाही. संकटात आपली गरज भासावी आणि संकट टळताच आपण नकोसे व्हावे, हे दुःख इतक्या संयमाने लिहिलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही.

हे सारे पाश्चात्त्यांचे झाले, असे तू म्हणशील. पण बाबराने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे की तरुणपणी छावणीच्या बाजारातील बाबुरी नावाच्या मुलावर त्याचे मन जडले, आणि एकदा गल्लीत तो अचानक समोर आला तेव्हा लाजेने त्याच्याकडे पाहवेना. सोळाव्या शतकातील लाहोरचे सूफी कवी शाह हुसैन आणि त्यांचा प्रिय मित्र माधो लाल यांची नावे लोकांनी इतकी एकत्र केली की आज ते एकाच माणसाचे नाव वाटते. त्या दोघांच्या कबरीही शेजारी आहेत. इंद्र दास या कोलकात्याच्या लेखकाने 'द डिव्हावरर्स' या कादंबरीत शाहजहानच्या काळात नरभक्षक, रूप बदलणारे जीव आणले आहेत, आणि त्यांची हस्तलिखिते एका अनोळखी पाहुण्याच्या सांगण्यावरून आजच्या कोलकात्यातील एक प्राध्यापक उतरवून घेतो. त्या प्राध्यापकाचे त्या अनोळखी पाहुण्याकडे ओढले जाणे हाच कथेचा कणा आहे. कादंबरी क्रूर आहे, बलात्काराचा प्रसंगही तिच्यात आहे, तेव्हा मन तयार असेल तेव्हाच वाच. तिला 2017 मध्ये समलिंगी व इतर लैंगिक अल्पसंख्याकांच्या साहित्यासाठी दिला जाणारा लॅम्डा पुरस्कार मिळाला.

आता माझ्या मनातले सांगतो. ज्या 1890 मध्ये डोरियन ग्रे छापून आला, त्याच वर्षी आपला लक्ष्मीविलास राजवाडा बांधून पूर्ण झाला. सयाजीराव महाराजांच्या त्या बडोद्यात किती माणसे नोकरीसाठी आली, चित्रकार आले, गवई आले, पहिलवान आले, शिक्षक आले. त्यांतील कोणी कोणासाठी रात्री जागले असेल, कोणी लग्नानंतरही एखाद्या मित्राची पत्रे ट्रंकेच्या तळाशी जपली असतील. दफ्तरखान्यात त्याची नोंद असणार नाही, आणि जिथे नोंद नाही तिथेच कादंबरीकाराचे काम सुरू होते. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत त्या काळाची मराठी पुस्तके पाहताना ही कादंबरी कोणीतरी मराठीतच लिहावी, असे मला तीव्रतेने वाटते. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने आपल्याला गुन्हेगारीच्या कलमातून सोडवले, पण न्यायालय कोणाला पूर्वज देऊ शकत नाही.

ती कादंबरी लिहिण्याचे बळ माझ्यात आहे असे मला आज वाटत नाही. म्हणून आधी 'कार्मिला' मराठीत उतरवायला घेतली आहे. लेखक 1873 मध्ये वारला, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही. पहिल्या तीन प्रकरणांचा मसुदा सोबत जोडला आहे. धारपांच्या कथा तुला माझ्यापेक्षा अधिक पाठ आहेत, तेव्हा जिथे भीती वाटायला हवी होती पण वाटली नाही, तिथे समासात खूण कर. लॉरा आणि कार्मिला यांच्या एकांतातील संवाद मी मुद्दाम सौम्य केलेले नाहीत. ते तुला कुठे अवघडल्यासारखे वाटले, तर तेही मोकळेपणाने लिही. तुळशीच्या लग्नापर्यंत कागद परत मिळाले, तर चौथे प्रकरण तुझ्या सूचना लक्षात घेऊन सुरू करता येईल.

काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
श्रीरंग