मळ्ळी चेप्पंडी

सोलापूर,
8 डिसेंबर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. रोज फोन होतो, तरी अण्णांनी एवढी पानं का खरडली म्हणशील. फोनवर तू बोलतोस, मी नुसतं "हं, हं" करतो, आणि काय बोलायचं होतं ते फोन ठेवल्यावर सुचतं. त्यात परवा तुझी आई शेजारी उभी राहून "जेवला का विचारा" म्हणून खुणा करत होती. तेव्हा आज सुट्टी आहे, कारखान्यातले साचे, म्हणजे माग, बंद आहेत, तर लिहायला बसलो.

तू पाठवलेला रिपोर्ट वाचला. म्हणजे धाकटीने मोबाईलवर वाचून मला मराठीत सांगितला. 'या प्रोजेक्टमधून आम्हाला टीमवर्क, संवाद आणि शिकत राहण्याचं महत्त्व कळलं.' कॉलेजला चालणारं वाक्य आहे, माझी तक्रार नाही. पण धाकटीचं तोंड तुला माहीत आहे. ती म्हणाली, "अण्णा, दादा रिपोर्टात सगळीकडे 'आम्ही' लिहितो आणि फोनवर सगळीकडे 'मी' म्हणतो." मी तिला गप्प केलं. पण रात्री झोप येईना तेव्हा तेच आठवत राहिलं.

फोनवर तू काय सांगितलंस ते मी माझ्या शब्दांत लिहितो. चुकलं तर सांग. तुम्ही चौघं. पाण्याच्या टाकीत किती पाणी आहे ते मोबाईलवर दाखवणारं यंत्र. टाकीच्या झाकणाला सेन्सर लावायचा, तो खाली आवाज सोडतो, आवाज पाण्यावर आपटून परत येतो, त्याला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. सेन्सर तुझ्याकडे होता आणि मोबाईलवरचा भाग त्या नंदुरबारच्या मुलाकडे. आदल्या रात्री सगळं जोडलं तर टाकी रिकामी असताना मोबाईल म्हणतो भरली, आणि भरली की म्हणतो रिकामी. तो झोपला होता. तू रात्री दोन वाजता त्याचं सगळं खोडून स्वतः लिहिलंस आणि त्याला काही बोलला नाहीस. सकाळी सरांनी नेमकं त्यालाच विचारलं, हा आकडा कसा काढला? त्याने त्याला माहीत होतं तसं सांगितलं, उलटं. मार्क गेले. आणि तू फोनवर मला म्हणालास, "अण्णा, ह्या लोकांबरोबर काम होत नाही. पुढच्या वेळी मी एकटाच करणार."

बरोबर?

आता माझं ऐक. ही गोष्ट मी तुला सांगितलेली नाही, कारण तिच्यात माझीच फजिती आहे.

1996 साल. मी मोहोळच्या बाजूच्या खेड्यातून येऊन दोन वर्षं झाली होती आणि पद्मशाली चौकाजवळच्या एका कारखान्यात रात्रपाळीला नक्षी विणणाऱ्या, जेकार्डच्या दोन साच्यांवर होतो. कारखान्यात निम्मे लोक तेलुगू, थोडे कन्नड, बाकी आम्ही. मला तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं. तिथे एक म्हातारे होते, सगळे त्यांना तातय्या म्हणायचे. बीम, म्हणजे उभी सुतं गुंडाळलेला रूळ, संपलं की नव्या बीमाची सुतं जुन्या सुतांना एकेक गाठ मारून जोडावी लागतात, ते त्यांचं काम. हजारांवर सुतं असतात बाबा. मांडी घालून, मान खाली घालून तास न् तास फक्त बोटं चालायची.

त्या रात्री त्यांनी काम संपवलं, उठले, डाव्या काठाकडे बोट दाखवलं आणि मला तेलुगूत काहीतरी सांगितलं. दोनदा सांगितलं. बाकीचे साचे चालू होते, खडखडाटात मराठीही धड ऐकू येत नाही. मी मान हलवली. त्यांना वाटलं मला कळलं. मला वाटलं, ते म्हणतायत झालं काम, चालू कर. ते घरी गेले, मी खटका ओढला.

सकाळी घडी घालणाऱ्याने चादर उजेडात धरली. मरून रंगात डाव्या काठाशी पांढऱ्या सुताची एक उभी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रात्री विणलेल्या सातही चादरींत तीच. तातय्या सांगत होते, की डावीकडे दोन सुतांची अदलाबदल झाली आहे, डोळे साथ देत नाहीत, सकाळी येऊन नीट करतो, तोवर साचा चालवू नको. माझ्या त्या आठवड्याच्या पगारातून पैसे कापले गेले. मालकाने एवढी दया केली, की सातातली एक चादर मला घरी न्यायला दिली.

ती चादर तुझ्याकडे आहे. हॉस्टेलला जाताना "जुनीच द्या, मऊ असते" म्हणून तू नेलीस ना, तीच. डावा काठ बघ.

पुढे माझी चिडचिड झाली ती तातय्यांवर. म्हातारा मराठी का बोलत नाही? सोलापुरात राहतो ना? मीही चारचौघांत तेच म्हणालो, "ह्या लोकांबरोबर काम होत नाही." शब्द न् शब्द तुझाच आहे, म्हणून परवा फोनवर मी एकदम गप्प झालो.

मला भानावर आणलं ते साचे नीट करणाऱ्या आमच्या जुन्या जॉबरने. तो म्हणाला, "भांडायच्या आधी कापड वाच." आणि त्याने मला चूक वाचायला शिकवली. आज मी जॉबर आहे तो त्या शिकवणीवर. चादरीत उभी रेघ आहे, तर चूक ताण्यात (उभ्या सुतांत) आहे, म्हणजे साचा चालू होण्याआधीची. आडवी पट्टी दिसली, तर बाणा, म्हणजे आडवं सूत, बघायचा. आडव्या सुताची कांडी संपलेली कळली नसेल, साचा थांबून पुन्हा चालू झाला असेल, म्हणजे विणणाऱ्याचं लक्ष नव्हतं. प्रत्येक चादरीत नेमक्या त्याच जागी नक्षी मोडते, तर नक्षी ठरवणाऱ्या पुठ्ठ्याला भोक चुकलंय, विणकराला कितीही शिव्या घाला, सुधारणार नाही. आणि रंगाचा ढग असला तर रंगाईकडे जायचं. माणूस बघू नको, रेघ कुठल्या दिशेला गेली ते बघ, असं तो म्हणायचा.

तुझ्या टाकीची रेघ कुठल्या दिशेला आहे? मी यंत्रातलं जाणत नाही, पण विहीर जाणतो. गावाकडे विहिरीवर गेलं, की कोणी म्हणायचं, "किती दोर लागला?" आणि कोणी म्हणायचं, "किती पाणी आहे?" दोन्ही प्रश्न पाण्याबद्दलच, पण आकडे एकमेकांच्या उलट. दोर जास्त लागला म्हणजे पाणी कमी. तुझा सेन्सर झाकणाला, तो मोजतो दोर. त्या पोराला वाटलं, आकडा पाण्याचा आहे. त्याचं गणित चुकलं नव्हतं रे. त्याच्यापर्यंत एक वाक्य पोचलं नव्हतं, की हा आकडा वरून मोजलाय. ही उभी रेघ आहे, साचा चालू व्हायच्या आधीची. आणि सेन्सर तुझ्याकडे होता.

तू म्हणशील, मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं. सांगितलं असशीलच. तूच एकदा म्हणाला होतास, की तुमच्या मीटिंगमध्ये ती पुण्याची दोघं फटाफट इंग्रजीत बोलतात आणि हा मुलगा काही विचारत नाही, नुसती मान हलवतो. तू ते त्याच्या आळशीपणाचा पुरावा म्हणून सांगितलं होतंस. मला मात्र माझीच मान दिसली. न कळता मान कोण हलवतो, ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? ज्याला वाटतं, पुन्हा विचारलं तर हे हसतील, तो हलवतो.

आणि तूही पहिल्या वर्षाला तेच केलंस ना? दिवाळीत आईजवळ रडलास, की वर्गात काही कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. मला सांगितलं नाहीस, आईने सांगितलं.

दुसरी गोष्ट रात्री दोन वाजताची. याबद्दल मी जरा रागावलो आहे, लिहून टाकतो. दुसऱ्याची चूक गुपचूप दुरुस्त करणं म्हणजे मोठेपणा, असं तुला वाटतंय. मीही जॉबर झाल्यावर दोन-तीन वर्षं तेच केलं. रात्री साचा बिघडला, की विणकराला चहाला पाठवायचा आणि आपण पाना घेऊन बसायचं. लवकर होतं, डोक्याला त्रास नाही, आणि मनात गुदगुल्याही होतात, की माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही. व्हायचं काय, तर तोच साचा आठ दिवसांनी त्याच जागी अडायचा आणि तोच विणकर मला घरून उठवायला यायचा. तो शिकला नाही, कारण मी त्याला शिकू दिलं नाही. तुझ्या सरांसमोर तो पोरगा उलटं बोलला, तेव्हा त्याच्या हातात त्याचंच काम नव्हतं. ते तू रात्रीच काढून घेतलं होतंस. त्याला निदान उठवायचं तरी. "उठ बे, हे बघ काय झालंय," एवढंच. पोरं रात्री दोन वाजता परीक्षेच्या नोटांसाठी एकमेकांना उठवतात, मग यालाच काय झालं?

तातय्यांचं पुढे काय झालं ते राहिलं. जॉबरने मला त्यांच्याशेजारी चहाला बसवलं. मी ठरवलं, चार शब्द शिकायचे. पोगु म्हणजे सूत. तप्पु म्हणजे चूक. आगु म्हणजे थांब. आणि मळ्ळी चेप्पु म्हणजे पुन्हा सांग. मी मोठ्या ऐटीत म्हाताऱ्याला म्हणालो, "मळ्ळी चेप्पु." सगळे हसले. थोरांना तसं म्हणत नाहीत, चेप्पंडी म्हणायचं, 'सांगा' असं. मी म्हणालो, यात अंडी कुठून आली? तातय्यांना कोणीतरी ते तेलुगूत सांगितलं आणि म्हातारा चहा सांडेपर्यंत हसला. तेव्हापासून मी दारात दिसलो की ते बोटाने अंड्याचा आकार करून दाखवायचे. पण काम सांगून झालं, की मी "मळ्ळी चेप्पंडी" म्हणायचो, आणि ते पुन्हा सांगायचे, हळू, हातांनी. मग मी मोडक्या तेलुगूत काय करणार आहे ते त्यांना सांगायचो. चुकलं की ते म्हणायचे, "तप्पु." त्यानंतर सुतांची अदलाबदल झालीच नाही असं नाही. पण तशीच विणली गेली नाही.

आजही नव्या पोराला काम सांगितलं, की मी "कळलं का?" विचारत नाही. त्याला सगळे हो म्हणतात. "आता तू काय करणार ते मला सांग," असं विचारतो. पोरं वैतागतात. वैतागू देत.

तूच मला मागे सांगितलं होतंस, की आमच्या जेकार्डचे भोकांचे पुठ्ठे बघून इंग्लंडातल्या बॅबेजला गणिताच्या यंत्राला पुठ्ठ्यांवरून हुकूम द्यायची कल्पना मिळाली. जाकार नावाच्या फ्रेंच माणसाने 1804 च्या सुमारास जेकार्ड केलं, आणि पुढे इतरांनी त्या जाकारचंच एक चित्र रेशमात विणलं, त्याला 24 हजार पुठ्ठे लागले. ते ऐकून मला लई भारी वाटलं होतं, कारखान्यात चार जणांना सांगितलं. मग एकाने विचारलं, "24 हजार पुठ्ठ्यांना भोकं कोणी पाडली?" ते काही तू सांगितलं नव्हतंस. आपल्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, लेबलावर गावाचं नाव असतं, सुतं सांधणाऱ्याचं नसतं. असो, हा माझा जुना वैताग आहे, तुझ्या प्रोजेक्टशी त्याचा संबंध नाही. थोडा आहे.

इकडे सगळं ठीक. पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं, तेही कधी पहाटे तीनला. उजनी धरण भरलं काय अन् आटलं काय, आपल्या गल्लीचा वार बदलत नाही. पहिला नळ ज्याचा फुसफुसतो तो सगळ्यांची दारं वाजवतो. परवा समोरच्या काकूंनी नऊ दारं वाजवली आणि स्वतःची मोटर लावायला विसरल्या. मग आईने आपली नळी त्यांच्या टाकीत सोडली.

तेव्हा ते यंत्र फेकू नकोस, सुट्टीत घेऊन ये. आणि त्या नंदुरबारच्या मुलालाही आण. आपली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा त्याने बघितली नसेल. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पोचा म्हणजे मिरवणुकीतले नंदीध्वज बघायला मिळतील, अक्षतेच्या सोहळ्याला गर्दी फार असते, आधी जागा धरावी लागते. आईने विचारलंय, तो तिखट खातो का. कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा येत्या गुरुवारी पाठवतो, चौघांत वाटून खा. त्या पुण्याच्या दोघांनाही दे.

आल्यावर यंत्र आपल्या गच्चीवरच्या टाकीला लावू. वायर लांब लागेल, टाकीपासून जिन्यापर्यंत साधारण तीस फूट धर. जोडायचं काम त्याला करू दे, आणि आईला समजावून सांगायचंही त्यालाच. ती "मळ्ळी चेप्पंडी" म्हणायला कमी करणार नाही.

तुझे,
अण्णा

ता. क. चादर गरम पाण्यात भिजवू नकोस. मरून रंग अजून सुटतो, पांढरी रेघ गुलाबी होईल.