मंत्रीसाहेब, क्वांटमचं एक टेबल बेळगावात पण टाका की ओ

मा. विज्ञान-तंत्रज्ञान मंत्री, कर्नाटक सरकार यांना बेळगावहून नमस्कार.

साहेब, २०२५ ला सरकारनं क्वांटम तंत्रज्ञानासाठी १,००० कोटी जाहीर केले, छान वाटलं, पण बातमीत सगळं बेंगळूरच, आणि व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय तर इथं आमच्याकडं आहे. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो म्हणून एका विषयाबद्दल लिहितोय, क्रम न ठरवता निरोप पाठवणं, आणि असलं शिकायला प्रयोगाचं एक टेबल मागतोय.

समजा, दोन क्वांटम चॅनल, म्हणजे निरोप न्यायच्या वाटा आहेत, दोन्हींत नुसता गोंगाट, क्यूबिट (क्वांटम माहितीचा सगळ्यात लहान तुकडा) आत टाकला की पलीकडं कायपण रँडम निघतंय. आधी पहिला मग दुसरा, किंवा उलटं, कसंही पाठवा, दोन ठार बहिऱ्यांमार्फत निरोप धाडल्यासारखंच, पोचतंय शून्य. आता गंमत बघा. २०१८ ला एबलर, सालेक आणि किरिबेला यांनी गणितानं दाखवलं की आधी कुठला चॅनल हेच एका वेगळ्या कंट्रोल क्यूबिटच्या सुपरपोझिशनवर (एकाच वेळी दोन्ही पर्याय असण्यावर) सोडलं, म्हणजे क्रम ठरलेलाच नाही, आणि तो क्यूबिट शाबूत ठेवून शेवटी निरोपाच्या क्यूबिटबरोबर मोजला, तर थोडी माहिती पलीकडं जाते, साधारण ०.०४९ बिट. एवढुसंच आहे, पण जिथं शून्य होतं तिथं! ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या लॅबमधे फोटॉनवर, म्हणजे प्रकाशकणांवर, असले प्रयोगपण झालेत, तिथं क्रम ठरवायचं काम पोलरायझेशनकडं (प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेकडं) होतं.

(श्रेय खरंच क्रमालाच द्यायचं का, यावर वाद आहे. नुसते मार्ग सुपरपोझिशनमधे ठेवले, क्रमाला हातच लावला नाही, तरी असा फायदा मिळतो, हेपण दाखवून झालंय. तेव्हा उद्या कोणी तुम्हाला "यानं खानापूरच्या जंगलात रेंज येणार" म्हणून प्रेझेंटेशन दिलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.)

मुद्दा असा की हे मूळ काम कागद-पेनवर झालंय, त्याला कोट्यवधीचं मशीन लागलं नाही. आमची खानापूर, निपाणीची पोरं हे करू शकतात, फक्त हाताला काहीतरी लागतंय. सिंगल फोटॉन डिटेक्टर महाग असतो, मान्य, पण शिकायला साधा लेझर, दोन बीम स्प्लिटर (प्रकाश दोन वाटांत फोडणारे), चार आरसे, पोलरायझेशन फिरवायच्या प्लेटा आणि जड टेबल एवढं बास, बाहेर ट्रक गेला तरी फ्रिंजा (उजेड-अंधाराचे पट्टे) हलतात म्हणून जड. आरशांचे माउंट इथल्या कारखान्यांच्या उद्यमबागेत टर्निंग करून मिळतील, त्याचं टेंडर नको काढायला. आणि विद्यार्थ्यांसाठी जी माहिती छापाल ती कन्नडबरोबर मराठीतपण द्या, सीमाभागातली पोरं दोन्ही वाचतात.

हिवाळी अधिवेशनाला सुवर्ण विधानसौधला याल तेव्हा अर्धा तास द्या, खर्चाचा कागद तयार ठेवतो.