काका, तो गंधार सापडला

आदरणीय काका,

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. असं चारचौघांत लिहितोय, कारण समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा घे" म्हणून विषयच बदलता.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा माझा खालचा ओठ आतून दातांनी सोलवटलेला होता. आल्टो सॅक्सोफोनच्या चाव्या संपतात तो वरचा एफ-शार्प कसाबसा निघायचा. त्याच्याही पुढचे, अल्टिसिमोचे स्वर हवेत म्हणून अडीच नंबरची रीड (फुंकल्यावर थरथरणारी वेताची पातळ पट्टी) सोडून साडेतीनची, जास्त कडक लावली, महागडा माउथपीस घेतला, कुठल्या स्वराला कुठली बोटं हे दाखवणारे तक्ते भिंतीवर चिकटवले. तरी एफ-शार्पच्या लगेच वरचा 'जी' हा स्वर वाजवायला जावं तर कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज!

तक्त्याकडे तुम्ही ढुंकूनही पाहिलं नाहीत. म्हणालात, "सगळ्यात खालचा बी-फ्लॅट धर. हा तुझा खर्ज. आता ऑक्टेव्हची चावी न दाबता, एकही बोट न हलवता मधला सा काढ. मग पंचम, मग तार सा, त्याच्यावर गंधार." दोन महिने मी पंचमावरच अडकलो. आज कबूल करतो, लग्नाच्या बँडमध्ये उभं आयुष्य वाजवलेल्या माणसाला यातलं काय कळणार, असंही एकदा मनात येऊन गेलं होतं. माफ करा.

मग एका संध्याकाळी तुम्ही काकूंचा तंबोरा काढलात. खर्जाची तार छेडून विचारलंत, "गंधार ऐकू येतोय?" येत नव्हता. तुम्ही काही न बोलता छेडत राहिलात. किती वेळ गेला कोण जाणे, पण एकदम तो ऐकू आला. कुठल्याच तारेवर लावलेला नाही, तरी स्वच्छ. "तारेत आहे तसा नळीतही आहे. ओठ चावून तो बाहेर येत नाही. आधी गा, मग फुंक."

आठवड्याभरात गंधार सुटला, मग त्याच्यावरचा पंचम. जीभ मागून थोडी वर जाते, घसा आपोआप जागा बदलतो, आणि ओठाला काही करावंच लागत नाही. ते तक्ते त्यानंतर कुठे उपयोगी पडले.

पुढे वाचनात आलं की फ्रेंच संगीतकार झाक इबेर यांनी ज्यांच्यासाठी १९३५ साली कॉन्चेर्तिनो (सॅक्सोफोन आणि छोट्या वाद्यवृंदाची रचना) लिहिला, त्या सॅक्सोफोनवादक सिगर्ड राशर यांच्या १९४१च्या पुस्तकातही बोटं न हलवता वरचे स्वर काढण्याचा हाच रियाज आहे. २००८मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी वाजवताना मोजून पाहिलं: मुरलेले वादक हे अतिउंच स्वर काढताना घसा-तोंडाची पोकळी त्या स्वराशी जुळवून घेतात, नवख्यांना ते जमत नाही. हे मी धावत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि रीड पुसत बसलात.

'जी' आता दहातल्या आठ वेळा लागतो. जी-शार्प अजून रुसलेलाच आहे. रविवारी येतो. काकूंना सांगा, तंबोरा मी जुळवेन.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा विद्यार्थी