मॅडम, तुम्ही काढायला लावलेल्या पानांसाठी

आदरणीय मॅडम,

माझा पीएचडीचा प्रबंध शोधगंगावर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर, चढला. त्यातल्या आभाराच्या पानावर मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव रीतीप्रमाणे पहिलं आहे, पण विशेषणं तुम्हीच खोडली होतीत. इथं खोडायला तुम्ही नाही, म्हणून जरा मोकळेपणानं लिहिते.

बीडच्या ऊसतोड बायकांवर काम करायचं ठरलं तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, त्यांना आधी काय काय विचारून झालंय ते वाचलंस का? 2019 मध्ये त्यांच्यातल्या अनेकींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली आणि या बायकांकडे वह्या-कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली. जे सरकारी अहवालात आहे ते त्यांच्याकडून पुन्हा वदवून घ्यायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. निम्मी प्रश्नावली तिथेच गळाली.

संमतिपत्रावर सही हवी, हा नियम. पण उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेताना ज्यांनी टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या कागदावर अंगठा दिलाय, त्यांच्यापुढे आणखी एक कागद कसा धरायचा? तुम्ही संशोधनाच्या नीतिसमितीशी भांडून तोंडी संमती मान्य करून घेतलीत. वर अट घातलीत, की मुकादम जवळ असताना मिळालेला होकार धरायचा नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे एकच मजूर-जोडी, हा हिशेब मुकादमाचा. आपण नवऱ्याच्या ‘हो’मध्ये बायकोचं ‘हो’ मोजायचं नाही.

खरा वाद चौथ्या प्रकरणावरून झाला. ते एका बाईवर होतं; तिचं नाव, गावाचं नाव मी बदललं होतं. पण मुकादमाशी असलेलं नातं, लेकींची संख्या, कोणत्या हंगामात टोळी सोडून आली, एवढ्यावरून गावातल्या कुणीही तिला ओळखलं असतं. सरकारी विद्यापीठातला प्रबंध सगळ्यांना खुला असतो, असायलाच हवा. म्हणूनच मुकादमाचा कॉलेजात जाणारा मुलगाही तो मोबाइलवर वाचू शकतो. पुढच्या वर्षी तिची उचल अडवली तर तिनं कुणाकडे जायचं, असं तुम्ही विचारलंत. ती पानं प्रबंधातली सर्वांत चांगली होती, असं मला अजूनही वाटतं. तरी काढली, आणि काढली तेच बरं झालं.

पेपरचं थोडक्यात सांगते. प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनी गेली, पण पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या म्हणणाऱ्यांचे मेल काही थांबले नाहीत. त्यांच्या नादी तुम्ही लागू दिलं नाहीत. जो एक पेपर रीतसर छापून आला, त्यावरून तुमचं नाव तुम्ही स्वतः काढलंत. ‘लिहिलंस तू. वाचून दुरुस्त करायचा मला पगार मिळतो.’ (विभागात यावर किती दिवस कुजबुज चालली, ते तुम्हाला ठाऊक आहेच.)

फेलोशिप लोकांच्या पैशातून मिळाली, तर त्यांना कळेल असं काहीतरी द्यायला हवं, म्हणून तुम्ही मागितलेला मराठी सारांश तयार आहे. तक्ते घातलेले नाहीत. दसऱ्याच्या आत जाऊन त्या बायकांना वाचून दाखवू. नंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात. तुमचे तास पाहून तारीख कळवा, सोबत तुम्ही हव्यात.

आपली विद्यार्थिनी