चीजच्या नावातले गाव

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील चीजवरील लेख वाचला. दूध फाडणे, पाणी काढणे आणि मीठ लावणे एवढीच ती कृती असून प्रदेशांची नावे म्हणजे निव्वळ जाहिरात, असा त्याचा एकंदर सूर आहे. नोकरीची बरीच वर्षे दुग्धतंत्रज्ञान शिकवण्यात गेल्यामुळे गप्प बसवले नाही. कृती ढोबळमानाने सगळीकडे एकच, हे लेखकाचे म्हणणे खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

पोलंडच्या कुयाविया भागात सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची, भोके पाडलेली मातीची भांडी सापडली होती. २०१२ साली त्यांच्या खापरांत मुरलेल्या स्निग्धांशाचे पृथक्करण प्रसिद्ध झाले, तो दुधाचा निघाला आणि ही भांडी साका, म्हणजे फाटलेल्या दुधाचा घट्ट भाग, गाळण्यासाठीच असावीत या तर्काला बळकटी मिळाली. त्या काळच्या प्रौढ माणसांना दुधातील लॅक्टोज ही साखर सहसा पचत नसे, आणि ती बहुतांशी निवळीबरोबर, म्हणजे फाटलेल्या दुधातून सुटणाऱ्या पाण्याबरोबर, निघून जाते. म्हणजे चीज हा आधी दूध पचवण्याचा आणि साठवण्याचा उपाय होता; जिभेचे चोचले नंतरचे.

साठवायचे कसे आणि किती दिवस, हे ज्या त्या मुलखाने आपल्या परिस्थितीवरून ठरवले. फ्रान्सच्या जुरा डोंगरात हिवाळा लांबलचक. कॉम्ते चीजच्या सुमारे ४० किलोच्या एका चाकाला (चाकाच्या आकाराच्या गोळ्याला) ४०० लिटरच्या आसपास दूध लागते, ते एका घरचे पुरणार नाही. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी मध्ययुगापासूनच दूध एकत्र करून चीज बनवण्याची सहकारी पद्धत बसवली. एवढे मोठे चाक सावकाश सुकते आणि महिनोन्‌महिने टिकते.

इटलीतील पार्मिजानो रेज्जानो या चीजची कृती जरा तपशिलात सांगतो. संध्याकाळचे दूध रात्रभर पसरट हौदात ठेवतात, सकाळी वर आलेली साय काढून ते सकाळच्या ताज्या दुधात मिसळतात. तांब्याच्या उंच, निमुळत्या कढईत त्याला आदल्या दिवशीच्या आंबलेल्या निवळीचे विरजण लागते, मग वासराच्या जठरातून मिळणारे, दूध गोठवणारे रेनेट पडते. काही मिनिटांत दूध घट्ट बसते. तारांच्या मोठ्या रवीने साका तांदळाच्या दाण्याएवढा फोडतात, ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात आणि तळाशी जमलेला गोळा कापडात धरून वर उचलतात. जवळपास ५५० लिटर दुधाचे एक चाक होते. ते वर्षभर मुरले की तपासनीस लहानशा हातोडीने ठोकून कान देतो. आवाज बदलला की आत भेग किंवा पोकळी आहे, हे त्याला कळते. या साऱ्यात दूध कच्चेच असते आणि कालची निवळी आजच्या दुधात जात राहिल्याने तिथल्या जिवाणूंची वंशावळ तुटत नाही. विकतच्या पाकिटातील विरजण घालूनही चीज होईल, कदाचित उत्तम होईल, पण ते हे चीज होणार नाही.

लेखात निळ्या बुरशीच्या चीजला ‘खराब झालेले’ म्हटले आहे, ते तर साफ चूक आहे. रोकफोर हे मेंढीच्या दुधाचे निळ्या बुरशीचे चीज फ्रान्समधील कोंबालू डोंगरातील गुहांत मुरते. कड्यातील भेगांमधून येणारी गार, दमट हवा त्या बुरशीला मानवते, आणि चीजला टोचून भोके पाडतात ती हीच हवा आत शिरावी म्हणून. फ्रान्सने १९२५ साली या नावाला कायद्याचे संरक्षण दिले.

संरक्षणाची ही व्यवस्था निर्दोष नाही, हे मलाही मान्य आहे. फ्रान्समधल्याच कामांबेर या चीजचे नाव आज कोणीही वापरू शकतो. संरक्षण आहे ते फक्त ‘कामांबेर द नॉर्मांदी’ला, आणि त्यासाठी कच्चे दूध बंधनकारक आहे. पूर्वी या चीजच्या सालीवर करडी-निळसर छटा असे. विसाव्या शतकात उत्पादकांनी एकच पांढरीशुभ्र बुरशी पसंत केली आणि कलमे लावावीत तशी तीच वाढवत नेली. आता तिची बीजाणू (ज्यांतून नवी बुरशी उगवते ते कण) तयार करण्याची क्षमताच खालावली असल्याचा इशारा फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने २०२४ मध्ये दिला. कुठेही घ्या, चव तीच, याचे लेखकाने कौतुक केले आहे. त्या एकसारखेपणाची ही दुसरी बाजू लेखात यायला हवी होती.

निदान निळ्या बुरशीबद्दलची चूक तरी पुढील अंकात दुरुस्त करावी, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक