प्रायमरी नर्सिंगबद्दल सुनंदास

मिरज

प्रिय सुनंदा,

साताऱ्यात तुमच्या वॉर्डात प्रायमरी नर्सिंग सुरू करायचं म्हणतायत, आणि ‘मग एकाच सिस्टरने चोवीस तास थांबायचं का’ म्हणून मुली धास्तावल्यात, असं लिहिलंस. तसं नाही गं. चोवीस तासांची असते ती जबाबदारी, ड्युटी नेहमीचीच.

१९६९ च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या हॉस्पिटलात मेरी मँथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. आपल्याकडे कामं वाटतात: एकीकडे इंजेक्शनं, दुसरीकडे बीपी, तिसरीकडे ड्रेसिंग. सगळ्यांची कामं चोख होतात, तरी जतच्या आजीला तीन दिवस शौचाला झालेली नाही हे कुणाच्याच ध्यानात येत नाही. या पद्धतीत कामं नाही, पेशंट वाटायचे. आजी अ‍ॅडमिट झाल्यापासून घरी जाईपर्यंत एक सिस्टर तिची. माहिती तिनेच विचारायची, काळजीचा आराखडा तिनेच लिहायचा, राऊंडला डॉक्टरांशी तिनेच बोलायचं. ती ड्युटीवर नसताना दुसऱ्या सिस्टरने तोच आराखडा चालवायचा. तब्येत बदलली तर उपाय लगेच करायचा, पण बाकी आराखडा परस्पर बदलायचा नाही.

आराखडा म्हणजे निबंध नको. ‘बेडसोरची काळजी घ्यावी’ लिहिलं की कुणीच घेत नाही. ‘दर दोन तासांनी कूस बदलणे, माकडहाड बघणे, लाली असल्यास वेळ लिहिणे’ असं लिहिलं की रात्रपाळीलाही कळतं.

खरा फायदा डिस्चार्जला दिसतो. इन्सुलिनचंच घे. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या ४० युनिटच्या, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. दुकानदाराने १०० युनिटची, नारिंगी टोपणाची दिली आणि मुलाने त्यावर २० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर आईच्या अंगात जातात फक्त ८ युनिट. पेपरवर मात्र ‘इन्सुलिन समजावले’ आणि सही! प्रायमरी सिस्टरने पहिल्या एक-दोन दिवसांतच घरी सुई कोण देणार ते विचारायचं, बाटली-सिरिंज जुळते का बघायचं आणि त्या माणसाकडून आपल्यासमोर डोस भरून घ्यायचा. घरचे कानडी बोलणारे असतील तर कानडी येणारी सिस्टरच नेमावी, अर्धं काम तिथेच होतं.

बिघडतं ते ड्युटी लिस्टमुळे. आज नेमलेली सिस्टर उद्यापासून नाईटला, मग सुट्टीवर. पेशंट नावापुरता तिचा. म्हणून नेमताना खाट नंबर बघू नकोस, पुढच्या आठवड्याची लिस्ट बघ. खाट बदलली तरी सिस्टर तीच ठेव. नाईट लागणारीला नवे पेशंट देऊ नकोस, आणि ती नसताना तिचे पेशंट बघणारी जोडीदारीण आधीच ठरव. ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती, खाटेपाशीच, थेट एकीने दुसरीला द्यायची. इनचार्जमार्फत निरोप नको. तुला हे जड जाईल, सगळं आपल्या हातून जावं असं इनचार्जला वाटतंच.

एकीकडे दहा-बारा पेशंट असतील तर हे चालणार नाही, ते मेट्रनना स्पष्ट सांग. सगळा वॉर्ड एकदम घेऊ नकोस. जास्त दिवस राहणारे, हाडाचे नाहीतर मधुमेही पायाचे, तेवढ्यांपासून सुरू कर. एका रात्रीत घरी जाणाऱ्यांसाठी हा खटाटोप नको.

लिस्ट तयार झाली की फोटो पाठव, नाईटच्या जोड्या मी बघते.

तुझी,
शैला