निळ्या फाईलबद्दल

प्रिय सोनू,

तुला पुण्याच्या गाडीत बसवून आम्ही नागपूर स्टेशनवरून इंदोऱ्याला घरी परत आलो तेव्हा साडेआठ वाजले होते. बाबा जेवले, मला काही घास गेला नाही. प्लॅटफॉर्मवर तू म्हणालीस, "आई, तिथे सिकलसेलचं कुणालाच सांगणार नाही. एकदा तरी नुसती सोनू म्हणून राहू दे." मी गप्प बसले, कारण लपवायला तुला मीच शिकवलं. तू दुसरीत होतीस तेव्हापासून नातेवाइकांना "तिला रक्त कमी आहे" एवढंच सांगत आले. पुढे लग्नाला अडचण नको, हे माझ्या डोक्यात.

फोनवर बोलले तर "हो गं आई" म्हणून तू विषय बदलशील, म्हणून लिहिते.

अकरावीची वार्षिक परीक्षा आठव. एप्रिलचं ऊन, तीन तासांचा पेपर, मध्ये बाथरूमला सोडत नाहीत म्हणून तू सकाळपासून पाणीच प्यायली नव्हतीस. या आजारात किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही, त्यामुळे जास्त प्यावं लागतं आणि जास्त वेळा जावंही लागतं. पाणी कमी पडलं की रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. त्या रात्री तू उशी दातांत धरून पडली होतीस, शेजारी आवाज जायला नको म्हणून. चार दिवस सलाईन, पुढचा पेपर हुकला. वर्गावरच्या मॅडमना मी तेव्हा फार बोलले. पण त्यांच्या हातात आपण एक ओळ तरी लिहून दिली होती का? कॉलेजात कागद द्यायचं मीच टाळलं होतं.

तुझ्या बॅगेत स्वेटरखाली निळी फाईल ठेवली आहे. त्यात तुझं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र आहे, सिकलसेल ठरवणाऱ्या एचपीएलसी रक्ततपासणीचा जुना रिपोर्ट आहे, अॅडमिट झालीस त्या प्रत्येक वेळचं डिस्चार्ज कार्ड आहे. सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स मेडिकल चौकातून काढून आणल्यात. मूळ प्रती कुणालाही देऊ नकोस, फक्त दाखव.

प्रमाणपत्रावर ३० टक्के दिव्यांगत्व आहे. ४० च्या खाली काही उपयोग नाही, असं तुला कुणीतरी सांगेलच. मलाही एका खिडकीवर तसंच सांगितलं होतं आणि मी खाली मान घालून परत आले होते. ते अर्धंच खरं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात सिकलसेल नाव घेऊन लिहिलेला आहे. ४० ची अट प्रवेशातल्या ५ टक्के आरक्षणाला आहे. वाजवी सोयी, म्हणजे आजारामुळे लागणारी मदत, मिळण्याला ती नाही. यूपीएससीच्या एका उमेदवाराचा हात लिहिताना आखडायचा, त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हेच स्पष्ट केलं. आरक्षण वेगळं, सोय वेगळी.

फाईलमध्ये सगळ्यात वर डॉक्टरांचं पत्र आहे, ते नीट वाच. त्यासाठी मी तीनदा गेले. पहिल्यांदा त्यांनी "सिकलसेल एसएस, उपचार सुरू" एवढंच लिहून दिलं. त्यावरून कॉलेजला काय कळणार? मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, आजाराचं नाव लिहिलंत, पण पोरीला काय होतं आणि काय लागतं ते लिहा. आता त्यात प्रत्येक गोष्टीला कारण दिलं आहे. परीक्षेत पाण्याची बाटली जवळ हवी. बाथरूमला जाऊ द्यावं आणि तेवढा वेळ भरून द्यावा. एसीच्या झोतात बसवू नये, कारण थंडीनेही दुखणं उठतं. दवाखान्यातल्या दिवसांची हजेरी धरावी, आणि त्या दिवसांत अंतर्गत परीक्षा आली तर पुन्हा घ्यावी. लेखनिक मागितलेला नाही, तुला तो लागत नाही. लागत नाही ते मागायचं नाही, लागतं ते सोडायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांच्या नावाने अर्ज दे. समान संधी कक्ष असेल तर तिथेही एक प्रत दे. तोंडी बोलून येऊ नकोस. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घे. दुखणं उठल्यावर अर्ज करायला तुझ्या अंगात बळ नसतं, हे मी पाहिलंय.

वर्गातल्या मुलींना सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. कॉलेजला कागद दिला म्हणजे गावभर झालं असं नाही. पण खोलीतल्या एका तरी मुलीला आपल्या डॉक्टरांचा नंबर देऊन ठेव, एवढं माझ्यासाठी कर.

काल मी मावशीला फोन केला आणि आजाराचं नाव घेऊन सगळं सांगितलं. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आमच्या नंदेच्या मुलालाही आहे गं." दोघीही रडलो.

गोळी रात्री जेवणानंतर. अर्जावर शिक्का मिळाला की फोटो पाठव, मी वाट बघते.

तुझी,
आई